सुवा (नागानो, जपान): तळ्याकाठच्या या छोट्या शहराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियो, क्योतो, ओसाका झालं की "अजून एखादं शांत ठिकाण सांगा ना" असं विचारणारे खूप जण असतात. त्यांना सुवा सुचवलं की मग तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाची इथे लिहून टाकली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सुवा नक्की आहे कुठे आणि केवढं आहे?

जपानच्या मुख्य बेटाच्या बरोब्बर मधे नागानो प्रांत आहे, समुद्र कुठल्याच बाजूला नाही, चारी बाजूंनी डोंगर. त्या डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात, समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंचीवर सुवा तलाव आहे आणि त्याच्या आग्नेय काठावर सुवा शहर. लोकसंख्या पन्नास हजाराच्या आत-बाहेर. १९४१ मध्ये कामिसुवा हे गाव आणि शेजारची दोन खेडी एकत्र करून याला शहराचा दर्जा मिळाला.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, तलाव एकट्या सुवाचा नाही. काठावर सुवा शहर, शिमोसुवा गाव आणि ओकाया शहर अशी तिघं आहेत, आणि थोडं बाजूला चिनो. बघण्यासारख्या गोष्टी या चौघांत विखुरल्यात त्यामुळे "सुवा बघून आलो" म्हणणारे अर्धे लोक प्रत्यक्षात शिमोसुवात फिरून आलेले असतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

२. मॅपवर "सुवा" नावाचं स्टेशनच सापडत नाही, मग उतरायचं कुठे?

कामिसुवा. शहराचं मुख्य स्टेशन तेच, शेजारच्या गावाचं शिमोसुवा. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनातून चुओ लाइनची "आझुसा" एक्स्प्रेस पकडा, साधारण सव्वादोन तासात कामिसुवा येतं. या गाडीला सगळ्या सीट रिझर्व्हड असतात, जेआर पास असला तरी आधी सीट घेऊन ठेवा. शिंजुकुहून बसही मिळते, स्वस्त पडते पण वेळ जास्त लागतो आणि ट्रॅफिक लागलं तर मग देवच वाली. नागोयाकडून येत असाल तर "शिनानो" एक्स्प्रेसने शिओजिरीला उतरून गाडी बदला.

स्टेशनची एक गंमत सांगायलाच हवी, एक नंबर प्लॅटफॉर्मवरच गरम पाण्याच्या झऱ्याचं फूटबाथ आहे. बूट-मोजे काढायचे, पाय पाण्यात सोडून बसायचं, समोरून गाड्या जातायत. वेगळे पैसे नाहीत, पण ते तिकीट गेटच्या आत आहे, म्हणजे गाडीतून उतरल्यावर किंवा परतीच्या गाडीआधीच करून घ्या. बॅगेत छोटा टॉवेल वर ठेवा, नाहीतर ओल्या पायात मोजे चढवायची कसरत होते.

३. तलाव केवढा आहे? पोहता येतं का, प्रदक्षिणा मारता येते का?

घेर साधारण १६ किलोमीटर, खोली मात्र जेमतेम सात मीटर. एवढा पसरट आणि उथळ असल्यामुळेच तो हिवाळ्यात गोठायचा (ते प्रश्न ४ मध्ये). जमिनीखालच्या दोन मोठ्या भ्रंशरेषा या भागात एकमेकींना छेदतात, जमीन ताणली जाऊन मधला भाग खचला आणि त्यात पाणी साठलं. गरम पाण्याचे झरे इथे आहेत ते काही उगाच नाही. ३१ नद्या-ओढे तलावात येऊन मिळतात आणि बाहेर पडते एकच, तेनर्यू. ती ओकायाच्या बाजूच्या पाण्याच्या दरवाज्यातून निघते आणि २१३ किलोमीटर वाहत जाऊन पॅसिफिकला मिळते.

पोहायला लोक इथे येत नाहीत. काठाने चालायला, पळायला, सायकल मारायला मात्र जागा झकास आहे, रस्ता सपाट, त्यामुळे सायकल भाड्याने घेऊन निवांत थांबत थांबत अर्ध्या दिवसात पूर्ण चक्कर होते. हंसाच्या आकाराची फेरीबोट पण असते, लहान मुलं असतील तर ठीक आहे.

उन्हाळ्यात गेलात तर काठालगत पाण्यावर हिरवी पानं दाट पसरलेली दिसतील. ती हिशी, आपल्या शिंगाड्याची सख्खी भाऊबंद. आपण उपासाला शिंगाड्याचं पीठ शोधत दुकानं पालथी घालतो आणि इथे ही वेल इतकी माजते की मशीनने कापून बाहेर काढावी लागते. साठ-सत्तरच्या दशकात कारखान्यांच्या आणि घरांच्या सांडपाण्याने तलाव उन्हाळ्यात शेवाळाने हिरवागार व्हायचा, वास यायचा. १९७९ पासून सांडपाणी प्रक्रिया सुरू झाली आणि पाणी हळूहळू सुधारलं. पाणी स्वच्छ झालं, तळापर्यंत ऊन पोचायला लागलं तशी हिशी वाढली असं सांगतात. ती फार झाली की तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतो. २०१६ च्या जुलैमध्ये ऑक्सिजन घटून वाकासागी नावाचे इथले छोटे मासे ढिगाने मेले होते, तेव्हापासून हा विषय गावात जास्तच गंभीरपणे घेतला जातो.

४. देव तलावावरून चालत जातो म्हणतात, ती भानगड काय आहे?

ओमिवातारी. कडाक्याची थंडी पडली, पारा उणे दहाच्या आसपास काही दिवस राहिला की सगळा तलाव गोठतो. मग रात्री थंडीने बर्फ आकसतो, त्याला भेगा पडतात, भेगांत पाणी वर येतं आणि तेही गोठतं. दिवसा बर्फ पुन्हा पसरायला लागतो पण आता जागा कुठे आहे, म्हणून मोठ्ठा आवाज करत तो भेगेच्या रेषेवर वर उचलला जातो. बर्फाच्या तुकड्यांची लांबच लांब वेडीवाकडी वरंबी तयार होते, या काठापासून त्या काठापर्यंत.

गावच्या श्रद्धेनुसार ही देवाच्या पावलांची वाट. सुवा ताइशा या देवस्थानाचे वरचे देव ताकेमिनाकाता, ते तलाव ओलांडून पलीकडच्या खालच्या देवळातल्या आपल्या बायकोला, यासाकातोमे देवीला भेटायला जातात. (देवळांचं वर-खाली प्रश्न ६ मध्ये.)

खरी कमाल मला वाटते ती नोंदींची. १४४३ पासून तलाव कधी गोठला, वरंबी कधी आणि कुठून कुठे उठली याच्या नोंदी ठेवल्या जातायत. हे काम यात्सुरुगी देवळाचे पुजारी आणि तिथले मानकरी करतात. जानेवारीच्या पाच-सहा तारखेपासून फेब्रुवारीच्या तीन-चार तारखेपर्यंत रोज पहाटे, अजून अंधार असताना, काठावर जमायचं, हवेचं आणि पाण्याचं तापमान घ्यायचं, बर्फ असेल तर जाडी मोजायची आणि लिहून ठेवायचं. वरंबी उठलीच तर तिची दिशा बघून त्या वर्षीचं पीकपाणी कसं होईल याचा कौल पण सांगतात. पुजाऱ्यांनी देवासाठी लिहिलेली ही वही आता हवामानशास्त्रज्ञांच्या कामाला आलीय. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार नोंदींच्या पहिल्या अडीचशे वर्षांत तलाव गोठला नाही असं फक्त तीनदा झालं, आणि १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा वेळा.

५. मग यंदा फेब्रुवारीत गेलो तर ओमिवातारी दिसेल का? त्या हिशोबाने बुकिंग करू का?

नका करू. शेवटची ओमिवातारी २०१८ च्या हिवाळ्यात उठली. नंतर २०२५ पर्यंत सलग सात हिवाळे "आके नो उमी" जाहीर झालं, म्हणजे वरंबी उठलीच नाही. एवढा मोठा खंड याआधी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पडला होता म्हणतात. हिवाळ्यात जायला माझी काहीच हरकत नाही, उलट थंडीत गरम पाण्याची मजा दुप्पट, पण वरंबी मिळाली तर बोनस धरा. आणि काठालगत पातळ बर्फ दिसला म्हणून फोटोसाठी त्यावर पाय ठेवू नका, कितीही घट्ट वाटला तरी.

६. सुवा ताइशाची चार देवळं आहेत म्हणे. चारही बघायची की एक पुरे?

हो, देवस्थान एक आणि देवळं चार. वरच्या भागाची दोन, होनमिया (सुवा शहरात) आणि माएमिया (चिनोमध्ये). खालच्या भागाची दोन, आकिमिया आणि हारुमिया, दोन्ही शिमोसुवात. वरची तलावाच्या दक्षिणेला, खालची उत्तरेला.

खालची दोन एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत, शिमोसुवा स्टेशनहून पायीच होतात, त्यामुळे गाडी नसेल आणि वेळ कमी असेल तर तीच करा. खालचे देव फेब्रुवारी ते जुलै हारुमियात आणि ऑगस्ट ते जानेवारी आकिमियात असतात, एक ऑगस्टला त्यांची मिरवणूक निघते. हारुमियाच्या मागे ओढा ओलांडला की शेतात एक दगडी बुद्ध आहे, भल्यामोठ्या धोंड्यावर छोटंसं डोकं बसवलेलं. तो चुकवू नका.

वरच्या होनमियाचं वेगळेपण असं की नेहमीच्या शिंतो देवळात असतो तसा मुख्य गाभाराच इथे नाही, मागचा डोंगरच देव. पण मला विचाराल तर चारांत जीव रमतो तो माएमियात, गर्दी नाही, शेजारून स्वच्छ पाण्याचा ओढा खळाळत जातो, आणि जुन्या काळी सुवा घराण्यातला जिवंत माणूस देव मानून पुजला जायचा त्याचं स्थान इथेच होतं. दर १५ एप्रिलला इथे ओन्तोसाई होतो, पूर्वी त्यात ७५ हरणांची मुंडकी नैवेद्याला ठेवायचे. शिकारीचा देव आहे हा. बौद्ध प्रभावामुळे मांस वर्ज्य होतं त्या काळातसुद्धा सुवाचा परवाना घेतला की मांस खाल्लेलं चालायचं!

७. ओन्बाशिरा उत्सव सात वर्षांनी असतो की सहा? पुढचा कधी?

म्हणताना सात, प्रत्यक्षात सहा. ते लोक सुरुवातीचं आणि शेवटचं दोन्ही वर्षं मोजतात. वाघ आणि माकड या राशींच्या वर्षी होतो: २०१६, २०२२, आता पुढचा २०२८.

होतं काय, तर डोंगरातून १६ प्रचंड झाडं तोडून आणायची, मोठी असतात ती साधारण १७ मीटर लांब आणि दहा टनाच्या पुढे, आणि चारही देवळांच्या चार कोपऱ्यांत एकेक उभं करायचं. सगळं माणसांनी दोरांनी ओढत. एप्रिलमध्ये डोंगरातून गावाकडे आणि मे मध्ये गावातून देवळापर्यंत. किओतोशी हा प्रसिद्ध प्रकार, म्हणजे उभ्या उतारावरून ओंडका खाली सोडायचा आणि त्यावर माणसं बसलेली! शिमोसुवाच्या बाजूचा उतार तर वरून बघितला तरी पोटात गोळा येतो. वरच्या देवळाच्या ओंडक्यांना पुढे-मागे शिंगांसारखे दांडे लावतात, त्यांवर माणसं लटकतात, आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने भरलेली नदीही ओलांडतात. ओढताना एक जण उंच पट्टीत किआरी म्हणतो आणि त्या हाळीवर शेकडो लोक एकदम जोर लावतात, आपल्याकडे रथ किंवा पालखीच्या वेळी गर्दीला जो चेव येतो तो ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

धोका खराच असतो. २०१० मध्ये दोघांचा आणि २०१६ मध्ये एकाचा खांब उभारताना वरून पडून जीव गेला. २०२२ ला कोविडमुळे डोंगरातून आणायचा टप्पा ट्रकने उरकला, कित्येकांना ते फार लागलं होतं. २०२८ ला जायचंच असेल तर प्रेक्षकांसाठी सशुल्क जागा असतात, त्यांच्या घोषणेवर डोळा ठेवा आणि राहायची सोय मात्सुमोतोला किंवा अजून लांब शोधा.

८. ताकाशिमा किल्ला ओरिजिनल आहे का?

तट आणि खंदक जुने, वरची इमारत १९७० ची, काँक्रीटची. मूळ किल्ला हिनेनो ताकायोशीने १५९२ ते १५९८ मध्ये बांधला, तेव्हा तलावाचं पाणी तटापर्यंत यायचं म्हणून "तरंगता किल्ला" म्हणायचे. नंतर भर घालून शेती केली, तलाव मागे हटला, आता किल्ल्यावरून तो लांब दिसतो. १८७५ मध्ये जुनी इमारत पाडली. जपानचा शोगुन तोकुगावा इएयासु याचा सहावा मुलगा तादातेरु याला इथेच नजरकैदेत ठेवलं होतं, गडी ९२ वर्षं जगला आणि १६८३ मध्ये सुवातच गेला. चेरीच्या दिवसांत (इथे थंडी असल्यामुळे एप्रिलच्या मध्याला वगैरे) जरूर जा, एरवी तासाभरात होतो.

९. काताकुराकान म्हणजे काय, आणि तिथे स्विमिंग कॉस्च्यूम चालतो का?

कॉस्च्यूम चालत नाही, कुठल्याच पारंपरिक ओन्सेनमध्ये (गरम झऱ्याच्या स्नानगृहात) नाही. पुरुष-बायका वेगळे, आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच टाकीत उतरायचं. पहिली पाच मिनिटं लाज वाटते, नंतर कुणी कुणाकडे बघत नाही हे लक्षात येतं.

काताकुराकान ही १९२८ ची इमारत आहे, बाहेरून एखादा युरोपियन वाडा वाटेल अशी. काताकुरा हे रेशमाच्या धंद्यातलं बडं घराणं, त्यांचा मालक युरोप-अमेरिकेचा दौरा करून आला, तिकडच्या गावांत सामान्य लोकांसाठी असलेल्या सोयी बघून भारावला आणि इथल्या लोकांसाठी हे बांधलं. आतल्या टाकीला "हजार माणसांची" म्हणतात (हजार मावत नाहीत, उगीच). पण ती १.१ मीटर खोल आहे, म्हणजे बसायचं नाही, उभं राहायचं, आणि तळाला गोटे पसरलेत ते पायाला टोचत मस्त मसाज करतात. लहान मुलांना घेऊन उतरताना जपा, त्यांच्या गळ्यापर्यंत पाणी येतं. २०११ पासून ही राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू आहे आणि तरी तुम्ही तिकीट काढून तिच्यात आंघोळ करू शकता.

१०. एप्सन आणि सेइको इथलेच ना? "पूर्वेचं स्वित्झर्लंड" का म्हणतात?

एप्सनचं मुख्य ऑफिस आजही सुवा शहरातच आहे. आधी इथे रेशीम होतं, विशेषतः ओकायात, आणि त्या गिरण्यांत डोंगरापलीकडच्या हिदा भागातल्या गरीब घरच्या मुली नोमुगी खिंड पायी ओलांडून कामाला यायच्या. तो इतिहास गोड नाही, ओकायाच्या रेशीम संग्रहालयात आजही चालू गिरणी बघता येते, वेळ काढा. रेशीम बसल्यावर माणसं होती, जागा होती, स्वच्छ हवा-पाणी होतं. १९४२ मध्ये यामाझाकी हिसाओ यांनी मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) जुन्या कोठारात घड्याळाचे भाग बनवायला सुरुवात केली, युद्धात टोकियोचा सेइकोचा कारखानाही इकडे हलला, त्यातून पुढे सुवा सेइकोशा झाली. १९६० चं पहिलं ग्रँड सेइको इथलं, आणि २५ डिसेंबर १९६९ ला आलेलं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, अ‍ॅस्ट्रॉन, तेही इथलंच. किंमत साडेचार लाख येन, त्या काळात एका छोट्या कारएवढी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी वेळ छापणारं यंत्र केलं, त्या अनुभवातून १९६८ चा छोटा प्रिंटर ईपी-१०१ आला, आणि त्याची पुढची "मुलं" (ईपीचे "सन") म्हणून १९७५ मध्ये एप्सन हे नाव. ऑफिसला लागून कंपनीचं संग्रहालय आहे पण आधी वेळ ठरवूनच जा.

११. पंधरा ऑगस्टला आतषबाजी असते, एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

येता येईल, पण त्रास होईल हे धरून चला. १९४९ पासून चालू आहे, दर १५ ऑगस्टला, सुमारे ४० हजार फटाके, आणि डोंगरांनी वेढलेलं असल्यामुळे प्रत्येक आवाज घुमून परत येतो, छातीत जाणवतो. पाण्यावर अर्धगोलात फुटणारे फटाके ही खासियत. संपल्यावर लाखो माणसं एकाच छोट्या स्टेशनकडे निघतात आणि टोकियोची शेवटची गाडी चुकण्याची पूर्ण शक्यता असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला नवीन प्रकारच्या फटाक्यांची स्पर्धा असते, गर्दी तुलनेने कमी, माझं मत तिलाच.

१२. "युवर नेम" या गाजलेल्या अ‍ॅनिमेमधला तलाव हाच का?

तातेइशी पार्कवरून संध्याकाळी खाली बघितलं तर गोल तलाव आणि काठाचे दिवे खूप तसेच दिसतात, म्हणून जगभरातून फॅन्स तिथे जातात. सिनेमातलं गाव मात्र काल्पनिक आहे. पार्क शहराच्या वर डोंगरात आहे, चालत चढ बराच लागतो, टॅक्सी करा. सूर्य तलावापलीकडच्या डोंगरांमागे मावळतो तेव्हा पोचा.

१३. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

थोडे होतात, जपानमध्ये सगळीकडे होतात. सोबा (बकव्हीटच्या शेवया) इथली प्रसिद्ध, पण बरोबरचं पातळ सार माशाच्या स्टॉकचं असतं. नुसती सोबा मीठ लावून खाल्ली तर चवीला चांगली लागते, हे खोटं नाही. राहायच्या ठिकाणी बुकिंग करतानाच "मांस, मासे, माशाचा स्टॉक चालत नाही" हे जपानीत लिहून कळवा, तिथे पोचल्यावर सांगून काही उपयोग नाही. सुवा-चिनोचा हमखास शाकाहारी पदार्थ म्हणजे कांतेन, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. समुद्री शेवाळाचा रस हिवाळ्यात उघड्यावर ठेवतात, रात्री गोठतो, दिवसा वितळतो, असं होत होत वाळून पांढऱ्या हलक्या विटा तयार होतात.

मासे खाणाऱ्यांची चंगळ: वाकासागी तळून, ओकायाची ईल, कोई माशाचं मिसोतलं कालवण.

१४. साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) भट्ट्या एकाच रस्त्यावर आहेत हे खरं का?

खरं. जुन्या कोशू मार्गावर कामिसुवा स्टेशनपासून चालत अंतरावर पाच आहेत, साधारण अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात: मासुमी, माइहिमे, रेइजिन, होन्किन, योकोबुए. मासुमीची स्थापना १६६२ ची, आणि १९४६ मध्ये तिथे सापडलेलं "सात नंबर" यीस्ट आज देशभरातल्या भट्ट्या वापरतात. वय २० च्या पुढे हवं. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये, जपानात शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते.

१५. एक दिवस पुरेल की मुक्काम करू?

एक रात्र. सकाळी शिमोसुवाची देवळं (प्रश्न ६), दुपारी काताकुराकान, संध्याकाळी तातेइशी, दुसऱ्या दिवशी वरची देवळं किंवा सायकल. जून-जुलैत आलात तर किरिगामिने पठार जोडा, जुलैच्या मध्याला पिवळी लिली फुललेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री उणे पाच-सहा सहज होतं, थर्मल घाला.

१६. सुवाचं कुणी प्रसिद्ध माणूस?

दोन चक्रीवादळं जवळ आली की एकमेकांभोवती फिरू लागतात, त्याला बातम्यांत "फुजिव्हारा इफेक्ट" म्हणतात ना, ते हवामानशास्त्रज्ञ साकुहेइ फुजिव्हारा इथलेच, जन्म १८८४. हायकू कवी बाशोसोबत उत्तरेच्या प्रवासाला गेलेला शिष्य सोरा, तोही कामिसुवाचा.

१७. मी नागासाकीला सुवा देऊळ पाहिलंय, मग तेच का हे?

देव तेच, गाव वेगळं. सुवाच्या देवाच्या शाखा जपानभर हजारोंनी आहेत, नागासाकीचं त्यातलं मोठं आणि तिथला ऑक्टोबरचा कुंची उत्सव प्रसिद्ध आहे. मूळ स्थान मात्र नागानोतलं. म्हणून गुगलवर हॉटेल शोधताना नुसतं "सुवा" टाकू नका, "कामिसुवा" टाका, नाहीतर भलत्याच शहरातल्या सुवा नावाच्या गल्लीतली खोली बुक व्हायची.